खेळाचा तास: रांग मोडा, शिट्टी खिशात ठेवा

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत मुलांना खेळ शिकवण्याचं काम मी करते, हे या सदरात एकदा ओझरतं लिहिलं आणि त्यावरच इतकी पत्रं आली की यावेळी दुसरं काही घेतच नाही. मी मूळची सांगलीची, शाळेत खोखो खेळलेली. आता लेस्टरमध्ये राहते. माझी माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, जर्मनी-अमेरिकेचे तर साफच वेगळे. तिकडच्या वाचकांनी इथलं उचलून तिथे लावू नये. पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न: *ताई, नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर आम्ही पुण्याहून स्लाउला आलो. कॉलेजात मी व्हॉलीबॉल खेळायचे. मुलाच्या शाळेला सुटल्यानंतरच्या खेळाच्या क्लबसाठी माणूस हवा आहे. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तुम्हीच या ना! मी कोणता कोर्स करू?* — एक वाचक, स्लाउ

कोर्सचं नंतर बघू. आधी तुमचा ई-व्हिसा उघडा आणि कामाच्या अटींची ओळ शेवटपर्यंत वाचा. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला इथे जवळजवळ कुठलंही काम करता येतं. दुकानात, कार्यालयात, स्वतःचा धंदासुद्धा. अपवाद आहे तो नेमका तुमच्या वाटेवर बसलेला: व्यावसायिक खेळाडू म्हणून नोकरी करता येत नाही, आणि त्यात खेळाचा प्रशिक्षकही धरलेला आहे. स्टुडंट व्हिसावरही हीच अट असते. पुष्कळांना वाटतं, हे मोठ्या फुटबॉल क्लबांच्या प्रशिक्षकांसाठी असणार, आपण काय, पोरांना चेंडू टाकायला शिकवणार. पण नियमांतली व्याख्या बरीच ऐसपैस आहे. पैसे घेतले की नाही एवढ्यावर ती थांबत नाही, आणि खेळ शिकवून कमाई करणारा साधा माणूसही तिच्यात सापडू शकतो.

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना हे माहीत असेलच असं नाही. ‘काम करण्यास परवानगी’ एवढं दिसलं की पुढची ओळ वाचायची राहून जाते. शाळा तिचं बघेल, व्हिसा तुमचा आहे. तेव्हा अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या, फुकट शिकवणार असलात तरीही. व्हॉट्सॅप ग्रुपवरची कुणी म्हणेल, ‘मी कधीची करतेय, काही होत नाही गं.’ तिचा व्हिसा कोणता आहे ते आधी विचारा.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकांची आणि वर्गात शिक्षकाला मदत करणाऱ्या टीचिंग असिस्टंटची गरज शाळांना कायम असते. या नोकऱ्या प्रशिक्षकाच्या नव्हेत. आणि मला विचाराल तर जेवणाच्या सुट्टीसारखी शिकायची जागा दुसरी नाही. कोण एकटं भिंतीला टेकून उभं राहतं, कुणाला चेंडू मिळतच नाही, पाऊस असला की कोणत्या वर्गात मारामारी पेटते, ही माहिती कुठल्याच कोर्सात मिळत नाही. पुढे क्लब घ्याल तेव्हा ती कामाला येईल.

कुठल्याही वाटेने शाळेत शिरा, एन्हान्स्ड डीबीएस लागणारच. म्हणजे तुमच्या नावावर गुन्हा आहे का, मुलांसोबत काम करायला बंदी आहे का, याची तपासणी. हा अर्ज सहसा शाळा किंवा संस्था करते. स्वयंसेवकांकडून त्याची फी घेत नाहीत. प्रमाणपत्र निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत त्यांच्या अपडेट सेवेत नाव नोंदवून टाका, नाहीतर पुढची शाळा पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. भारतात राहिलेल्यांकडे तिकडचं पोलीस क्लिअरन्सही मागतात आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा आधीच अर्ज करून ठेवा.

ज्यांचा व्हिसा मोकळा आहे त्यांच्यासाठी कोर्सचा क्रम सांगते. मुलांच्या सुरक्षिततेची तीन तासांची कार्यशाळा पहिली. मग लहान मुलांचं प्रथमोपचार. याचा पूर्ण कोर्स 12 तासांचा असतो आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. त्यानंतर मल्टी-स्किल्सचा, म्हणजे धावणं-फेकणं अशी मूलभूत कौशल्यं शिकवण्याचा, लेव्हल टू प्रशिक्षक कोर्स. एकाच खेळाचा लेव्हल टू करू नका असं नाही, पण प्राथमिक शाळेत पहिली दोन वर्षं मुलांना खेळ असा नकोच असतो. 2014 पासून लागू असलेल्या इथल्या अभ्यासक्रमातही पाच ते सात वयासाठी धावणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल, साधे सांघिक खेळ आणि नाच एवढंच आहे. क्रिकेट, नेटबॉल, राउंडर्स वगैरे सात वर्षांच्या पुढे. तुमचा व्हॉलीबॉल तिथेही फुगा होऊनच येईल.

प्रश्न: *मी नुकतीच एका क्रीडा संस्थेत लागले आहे. इयर टूचा वर्ग मिळाला, सहा-सात वर्षांची तीस मुलं. मी त्यांना रांगेत उभं करते, चेंडू कसा टाकायचा ते नीट समजावते, आणि तोवर निम्मी जमिनीवर लोळायला लागतात. शिट्टी वाजवून वाजवून गाल दुखले. आपल्याकडे पीटीच्या सरांनी नुसतं बघितलं तरी आम्ही गप्प व्हायचो!* — एक वाचक, नॉटिंगहॅम

हिशोब करून बघा. पीईचा, म्हणजे शारीरिक शिक्षणाचा, तास तासाचा म्हणतात, पण कपडे-बूट, हॉलपर्यंतची चाल, ‘मिस, माझी बाटली राहिली’ हे सगळं जाऊन तुमच्या हाती चाळीस मिनिटं उरतात. तीस मुलं, एक रांग, प्रत्येकाला वीस सेकंद. एका मुलाचा नंबर पुन्हा यायला दहा मिनिटं लागतात. पूर्ण तासात चेंडू त्याच्या हाती चार वेळा येणार. उरलेला वेळ सहा वर्षांच्या जिवाने करायचं काय? ते लोळणारच. मीही लोळले असते.

रांग मोडा. तुमच्या पत्राचं अर्धं उत्तर यातच आहे. दोघांत एक चेंडू, पंधरा जोड्या. पंधरा चेंडू नसतील तर बीन बॅग (दाणे भरलेल्या मुठीएवढ्या पिशव्या) घ्या, त्याही नसतील तर मोज्यांचे गोळे करा. आपल्या शाळांत रांगेची सवय इतकी मुरलेली असते की मोकळं पसरलेलं पोरगं दिसलं की आपल्याला गोंधळच वाटतो. पण तीसही मुलं एकाच वेळी काहीतरी करत आहेत, असा तो गोंधळ असेल तर तो चांगला. आमच्या संस्थेत नव्याने लागलेल्या मुलींना मी एवढंच सांगते: मध्येच थांबा, मान वळवून बघा, आत्ता या क्षणाला किती मुलं हलताहेत? पाच हलत असतील आणि पंचवीस बघत असतील तर खेळ बदला.

मुलं हॉलमध्ये येण्याआधी जमिनीवर रंगीत ठिपके मांडून ठेवा आणि पहिलं काम दारातच सांगा. ‘कुठल्याही ठिपक्यावर जा, एका पायावर उभं राहून दहा म्हणा.’ आत येऊन गोल बसवून, ‘आज आपण काय करणार आहोत बरं?’ असं विचारत बसू नका. त्यांच्या अंगात जेवणानंतरचा सगळा जोर भरलेला असतो, तो आधी बाहेर पडू द्या. आणि हो, जेवणानंतरचा तास असेल तर हॉलची जमीन स्वतः बघून घ्या. इथे जेवणाची टेबलं हॉलमध्येच लागतात आणि वाटाणे कुठे कुठे घरंगळलेले असतात ते खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. वाटाण्यावरून घसरलेलं पोर आणि मग अपघाताच्या वहीतली नोंद, दोन्ही टळेल.

शिट्टी हॉलमध्ये नकोच. आवाज घुमतो, काही मुलं कानांवर हात ठेवतात, स्वमग्न मुलांना तर तो सहनच होत नाही. प्रत्येक वर्गाची शांत होण्याची खूण ठरलेली असते. कुठे टाळ्यांचा ठेका, कुठे हात वर, कुठे तीन-दोन-एक. वर्गशिक्षिकेला ती आधी विचारून घ्या आणि तीच वापरा. मुलांना ती पाठ असते, तुमची नवी शिकवण्यात दोन आठवडे जातील. मैदानावर मात्र शिट्टी हवी, तीही थांबण्यासाठीच. बाहेर उभं राहताना ऊन तुमच्या डोळ्यांवर येऊ द्या, मुलांच्या नव्हे. डोळे मिचकावणाऱ्या मुलाला तुमचा हात दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं, लक्षच देत नाही कार्टं.

समजावणं वीस सेकंदांत उरका. एकदा करून दाखवा, एकच गोष्ट सांगा (‘चेंडू बोटांनी धरायचा’), सोडून द्या. दुसरी गोष्ट दोन मिनिटांनी, खेळ थांबवून. ‘पाय असा, कोपर असं, नजर तिकडे’ ही सगळी एकदम सांगायची यादी मोठ्या खेळाडूंनासुद्धा झेपत नाही.

कोर्समध्ये तुम्हाला ‘स्टेप’ शिकवतील. एखादा खेळ कुणाला फार सोपा किंवा फार अवघड होत असेल तर चार गोष्टींपैकी एक बदलायची: जागा, काम, साहित्य, माणसं. परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देण्यातलं हे नाही. आपलं विषामृतच घ्या. विष देणाऱ्याने शिवलं की जागेवर थिजायचं, अमृत देणाऱ्याने शिवलं की सुटायचं. इथली मुलं हाच खेळ ‘स्टक इन द मड’ म्हणून खेळतात, फक्त सोडवायला थिजलेल्याच्या ताणलेल्या हाताखालून जातात. सगळे पटापट थिजले तर जागा मोठी करा. कुणीच थिजत नसेल तर विष देणारे चार करा. व्हीलचेअरवरचा मुलगा असेल तर शिवायला हाताऐवजी लांब फोमची नळी द्या, आणि ती सगळ्यांनाच द्या, म्हणजे त्याच्यासाठी वेगळं काही केल्यासारखं होत नाही. चेंडूला घाबरून डोळे मिटणारी मुलगी असेल तर तिच्या जोडीला फुगा द्या. फुगा हळू खाली येतो, तेवढ्यात तिला हात जुळवता येतात. पुढच्या आठवड्यात बीन बॅग, मग मऊ चेंडू.

बाद करण्याचे खेळ मात्र घेऊ नका. यावर माझं आमच्या संस्थेतल्या लोकांशीही वाजतं. पहिल्या मिनिटाला बाद होतो कोण? ज्याला पळणं आणि चुकवणं जमत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच कडेला बसून राहणार, आणि जो आधीच तरबेज आहे तो शेवटपर्यंत खेळणार. बाद झालं की कोपऱ्यात जाऊन पाच उड्या मारायच्या आणि परत यायचं, एवढा बदल पुरतो.

खोखो घेऊ का, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. जरूर घ्या, पण इयर फोरच्या (आठ-नऊ वर्षांच्या) पुढे, आणि आपला पूर्ण खेळ एकदम नको. दिशा न बदलता एका बाजूने पळायचं, बसलेल्यांची तोंडं आलटून-पालटून, यातलं एकेकच आणा. इथलं मैदान ऑक्टोबर ते मार्च ओलं असतं, तेव्हा बसण्याऐवजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहू द्या. खो देताना आपण पाठीत जी थाप मारतो तिने इथलं आठ वर्षांचं पोर तोंडावर आपटतं. खांद्याला बोटं लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचं, असा नियम करा. खांबाच्या जागी प्लास्टिकचे शंकू (कोन) ठेवा. आठ-आठची छोटी मैदानं तीन करा, नाहीतर पुन्हा बघे तयार होतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात इंग्लंडचे संघही होते, आणि दोन्ही विजेत्या भारतीय संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. मुलांना हे सांगितलं की त्यांना जरा वेगळंच वाटतं. मिसच्या गावाकडचा हा खेळ टीव्हीवर दिसतो म्हणजे काय!

राहिले तुमचे पीटीचे सर. त्यांच्या नुसत्या बघण्याने आपण गप्प व्हायचो ते त्या बघण्याच्या मागे छडी होती म्हणून. ते बघणं इथे चालणार नाही, आणि खरं तर आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ते बंद केलं आहे.

प्रश्न: *क्लब संपल्यावर सामान आवरताना एक आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली, ‘मला घरी जायचं नाहीये.’ का विचारलं तर म्हणाली, ‘तू कुणाला सांगणार नसशील तर सांगते.’ तेवढ्यात तिची आजी आली. मी काय करायला हवं होतं? आता काय करू?* — एक वाचक, बर्मिंगहॅम

आता, हे वाचून झाल्या झाल्या, शाळेला फोन करा. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली व्यक्ती असते, तिला डीएसएल म्हणतात. शाळेच्या स्वागतकक्षात तिचा फोटो लावलेला असतो. तिला सांगा: काय घडलं, किती वाजता, मुलीचे शब्द कोणते. शब्द तिचेच. ‘ती घाबरलेली वाटली’ हा तुमचा अर्थ झाला. ‘मला घरी जायचं नाहीये’ हे तिचं वाक्य. दोन्ही लिहा, पण वेगवेगळं लिहा, खाली तारीख-वेळ-सही. आणि ज्या संस्थेमार्फत तुम्ही जाता तिच्या अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी कळवा.

पुढे असं झालं तर ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांना मला सांगावं लागेल’ असं म्हणायचं. बहुतेक मुलं त्यानंतरही बोलतात. खोदून विचारायचं नाही. ‘बाबा मारतात का?’ असा प्रश्न तर अजिबात नाही, कारण मग उत्तर तिचं राहत नाही, तुमचं होतं. ऐकायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, आणि मूल शाळेतून बाहेर पडायच्या आत डीएसएलला गाठायचं. घरच्यांना आपण होऊन काही विचारायला जाऊ नका. आपल्या लोकांत ही फार मोठी ऊर्मी असते, आजी ओळखीची असते, देवळात भेटते, वाटतं सहज बोलावं. नका बोलू.

कदाचित त्या दिवशी घरी पाहुणे असतील आणि तिला गणिताचा गृहपाठ टाळायचा असेल. ते ठरवणं आपलं काम नाही. डीएसएलकडे त्या मुलीविषयी आणखी तीन लोकांच्या तीन छोट्या नोंदी आधीच असू शकतात.

प्रश्न: *ताई नमस्कार. मी कोल्हापूरचा, बी.पी.एड. झालोय. एक एजन्सी आफ्रिकेत चार आठवडे शाळेतल्या मुलांना खेळ शिकवायला पाठवते, खर्च आपला, लाखाच्या वर जातो. नंतर प्रमाणपत्र मिळतं. त्याचा इंग्लंडमध्ये नोकरीला उपयोग होईल का?* — एक वाचक, कोल्हापूर

तुझ्या वयाचा माझा भाचा आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. नोकरीसाठी म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. इथल्या शाळा ते प्रमाणपत्र बघून तुला बोलावणार नाहीत.

अनुभव म्हणून जायचं असेल तर एजन्सीला चार गोष्टी विचार. माझी पोलीस पडताळणी तुम्ही मागणार का? मी नसताना त्या मुलांना कोण शिकवतं? मी गेल्यावर साहित्य तिथे राहतं का? माझ्यासोबत वर्गात तिथला शिक्षक असणार का? पहिल्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांब. तुझी पडताळणी न करता मुलांमध्ये सोडणारी संस्था तुझ्याआधी आणि नंतर येणाऱ्यांचीही करत नसणार. आणि चौथ्या प्रश्नाला नकार आला तर त्याचा अर्थ असा की चार-चार आठवड्यांनी नवा दादा येतो, तीच विटीदांडूची ओळख करून देतो, फोटो काढतो, जातो. मुलांच्या हाती काय राहतं? तिथल्या शिक्षकाला तू दोन खेळ नीट शिकवून आलास तर ते वर्षभर चालतील.

इंग्लंडचं खरं चित्र असं: 2023 पासून भारतातल्या पात्र शिक्षकांना इथला शिक्षकाचा दर्जा मिळवण्याची वाट उघडली, पण ती अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी. शारीरिक शिक्षण त्यात नाही. शिकायला म्हणून आलास तर स्टुडंट व्हिसावर प्रशिक्षकाचं काम करता येत नाही, हे वर स्लाउच्या उत्तरात आलंच आहे. ‘या, क्लबमध्ये काम करत करत शिका’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला हीच अट वाचून दाखव. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचंच असेल तर इथला शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्षाचा अभ्यासक्रम, त्याची परदेशी विद्यार्थ्याची भरभक्कम फी आणि नंतर व्हिसा देणारी शाळा, एवढी साखळी जुळावी लागते. लाख रुपये असतील तर तेच कोल्हापुरात खर्च करून एखाद्या मोठ्या शाळेत दोन वर्षं लहान मुलांसोबत काढ. माझ्यासमोर अर्ज आला तर मी ती दोन वर्षं बघेन.

प्रश्न: *मी नाशिकचा निवृत्त क्रीडाशिक्षक. नातीकडे रेडिंगला सहा महिन्यांसाठी येत आहे. तिच्या शाळेत विनामूल्य लंगडी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार शिकवावेत अशी इच्छा आहे. सून म्हणते, तुम्ही मुलांना हातही लावायचा नाही. हे खरे काय?* — एक ज्येष्ठ वाचक

सर, नमस्कार. सूनबाईंचं अर्धं बरोबर आहे.

आधी व्हिसाचं. पाहुण्याच्या व्हिसावर स्वयंसेवा करता येते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, आणि सगळी मिळून 30 दिवसांच्या वर नाही. दर आठवड्याचा क्लब चालवण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा. शाळेने एखाद्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावलं, वर्गशिक्षिका सोबत उभ्या आहेत आणि आपण लंगडी दाखवलीत, तर ते निराळं. तरी शाळेला आधी स्पष्ट विचारून घ्यावं. मराठी मंडळांच्या संमेलनात मात्र आपल्याला मुलांची उणीव भासणार नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, आणि बाकीच्या शहरांतही मंडळं आहेत. तिथली मुलं मराठी अर्धी समजतात, लंगडी पूर्ण समजतात.

हात लावण्याचं असं की स्पर्शाला बंदी नाही, न विचारता केलेल्या स्पर्शाला आहे असं धरून चालावं. कोलांटीला आधार द्यायचा असेल तर ‘मी तुझ्या खांद्याला हात लावतोय, चालेल?’ असं सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारायचं आणि मान हलल्यावर लावायचा. नको म्हटलं तर करून दाखवायचं. शाबासकीची पाठीवरची थाप आपल्या पिढीच्या हातात बसलेली आहे, ती बदलायला वेळ लागेल. इथे त्याजागी हवेत टाळी देतात, मुलांना ती फार आवडते. मुलासोबत एकट्याने खोलीत थांबायचं नाही. स्वतःच्या फोनने फोटो काढायचे नाहीत, नातीच्या मैत्रिणींचेसुद्धा नाहीत. आणि उठाबशा, मैदानाला फेऱ्या ही शिक्षा म्हणून द्यायची नाही. यावर माझं स्वतःचं मतही तेच आहे: ज्या गोष्टीची मुलांना गोडी लागावी म्हणून आपण आयुष्य घालवलं, तीच शिक्षा म्हणून का वापरायची?

सूर्यनमस्काराबद्दल आपण विचारलंत. व्यायाम म्हणून दाखवायला हरकत यायचं कारण नाही, मात्र मंत्रांचं शाळेला आधी सांगावं आणि त्यांचं मत मानावं.

आपले खेळ घेऊन बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे, हे मी आपल्याला काय सांगणार. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. मार्च 2025 मध्ये तर कबड्डीची एक विश्वचषक स्पर्धा इथेच वेस्ट मिडलंड्समध्ये झाली. मुलांना त्यामुळे ‘कबड्डी कबड्डी’ थोडं ओळखीचं आहे.

प्रश्न: *या कामात पैसे किती नियमित असतात? आणि शाळा शिक्षक असताना बाहेरचा माणूस का बोलावतात?* — एक वाचक, मिल्टन कीन्स

दोन वेगवेगळ्या कारणांसाठी बोलावतात, आणि आपल्याला कोणत्या कारणासाठी बोलावलं ते ओळखावं. सप्टेंबर 2005 पासून इथल्या शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेतला दहा टक्के वेळ तयारीसाठी मोकळा द्यावा लागतो. तेवढ्यात वर्ग सांभाळायला कुणीतरी लागतं. दुसरं, लंडन ऑलिम्पिकनंतर 2013 मध्ये सरकारने प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी सुरू केला. त्याचा हेतू शाळेचे स्वतःचे शिक्षक तयार व्हावेत हा आहे, आणि शिक्षकांचा मोकळा वेळ भरून काढण्यासाठी तो वापरू नये असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. म्हणून त्या पैशांतून बोलावलं असेल तर वर्गशिक्षिकेला कोपऱ्यात वह्या तपासत बसू देऊ नका. गोडीने हाताला धरून खेळात ओढा.

नियमितपणा सत्रापुरता. शाळा वर्षाला सुमारे 38 आठवडे भरते. स्वयंरोजगार असेल तर उन्हाळ्यात कमाई नाही, फक्त सुट्टीतली शिबिरं मिळाली तर मिळाली. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा शाळा सुटल्यानंतरचे मैदानी क्लब हॉलमध्ये न्यावे लागतात, आणि हॉल नृत्याच्या क्लबने आधीच धरलेला असतो. सप्टेंबरमध्येच हॉलची वेळ लेखी मागून ठेवा. सार्वजनिक दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्यामुळे कुणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा, स्वतःचा हवा.

प्रश्न: *लेकीचे कान टोचलेत. शाळा म्हणते पीईला बाळ्या काढा, पण आत्ताच टोचलेत, काढल्या तर भोक बुजेल. टेप लावून पाठवू का?* — एक आई, कोव्हेंट्री

शाळेचं धोरण विचारा. काही शाळा टेप चालवतात, काही नाही. टेप लावली तरी चेंडू कानावर बसला की बाळीचं मागचं टोक मानेत रुततंच, म्हणून मी माझ्या तासाला अशा मुलींना धक्का लागणार नाही असं काम देते. ते कडेला बसणं नसतं: गुण मोजणं, कोन हलवणं, कधी पंचगिरी. बाळी मी काढत नाही, मुलीने स्वतः काढायची किंवा घरून काढून यायची. मुलांच्या हातातल्या कड्याला घाम टिपायचा पट्टा वरून चढवतात, तेवढं पुरतं. धाकटीचे टोचायचे असतील तर जुलैच्या अखेरीस, उन्हाळी सुट्टी लागली की पहिल्याच आठवड्यात टोचा. सुट्टी सहा आठवड्यांची असते, आणि टोचलेलं भरून यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.